रस्ता दिसतो, पण जाता येते का?

१२ जानेवारी २०१० च्या दुपारी, पाच वाजायला काही मिनिटे असताना, हैती या कॅरिबियन देशाची राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हादरली. केंद्रबिंदू शहराच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, लेओगान गावाजवळ होता. काही सेकंदांत सरकारी इमारती, रुग्णालये, शाळा आणि डोंगरउतारावरच्या दाट वस्त्या कोसळल्या; संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे मुख्यालयही त्यातून वाचले नाही. जगभरातली बचावपथके विमानतळावर उतरू लागली, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: अमुक वस्तीत पोहोचायचे कोणत्या रस्त्याने? शहराचा तपशीलवार, ताजा आणि कोणालाही वापरता येईल असा नकाशा उपलब्ध नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर पोर्ट-ऑ-प्रिन्सचे काही मोठे रस्ते तेवढे दिसत होते, बाकी जागा कोरीच होती.

पुढच्या काही दिवसांत उपग्रह कंपन्यांनी भूकंपानंतरची छायाचित्रे खुली केली आणि वेगवेगळ्या देशांतले लोक आपापल्या घरी संगणकासमोर बसून त्या छायाचित्रांवरून रस्ते, पूल, पडलेल्या इमारती आणि मोकळ्या मैदानांत उभ्या राहिलेल्या तंबूंच्या छावण्या गिरवू लागले. महिनाभरात सुमारे ६०० जणांनी या कामाला हात लावला. त्यांतल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिलेही नव्हते. तरीही थोड्याच आठवड्यांत तो नकाशा शहराचा सर्वांत तपशीलवार नकाशा ठरला, आणि शोधपथके तो हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून घेऊन रस्त्यावर फिरू लागली.

त्याच दिवसांत आणखी एक काम चालू होते. हैतीतल्या लोकांना ४६३६ या क्रमांकावर मदतीसाठी मोफत एसएमएस पाठवता येत होता. संदेश हैतियन क्रिऑल भाषेत येत, आणि त्यांतला पत्ता म्हणजे बहुधा 'अमुक चर्चच्या मागे, तमुक दुकानाच्या वरच्या अंगाला' अशा स्वरूपाचा असे. परदेशांत राहणाऱ्या हैतियन लोकांनी या संदेशांचे भाषांतर तर केलेच, शिवाय त्या चर्चचे आणि त्या दुकानाचे नकाशावरचे नेमके ठिकाणही दाखवले, कारण त्यांचे बालपण त्या गल्ल्यांत गेले होते. आकाशातून रस्त्याची रेषा मिळाली. त्या रेषेचे नाव आणि तिच्यावरची खूण मात्र तिथे चाललेल्या माणसाकडूनच मिळाली. स्वयंसेवी नकाशांचे सगळे बळ आणि सगळ्या मर्यादा या एका फरकात आहेत, असे मला वाटते, आणि आपत्तीतल्या मदतीपासून फुटपाथवरच्या व्हीलचेअरपर्यंत तोच फरक पुन्हा पुन्हा आडवा येतो.

नकाशा आणि त्यामागची माहिती

ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी केली. त्या वेळी ब्रिटनच्या सरकारी सर्वेक्षण संस्थेचे नकाशे उत्तम होते, पण त्यांची माहिती वापरायची तर परवाना घ्यावा लागे आणि पैसे मोजावे लागत. मग लोकांनी स्वतःच सायकलवरून जीपीएस घेऊन फिरावे, गेलेल्या वाटेची नोंद संगणकावर चढवावी आणि सगळ्यांनी मिळून जगाचा नकाशा काढावा, अशी ती कल्पना होती. विकिपीडियात जसे कोणीही लेख सुधारू शकतो, तसेच इथे कोणीही रस्ता जोडू किंवा दुरुस्त करू शकतो, आणि प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याचा इतिहास कायम राहतो. आज या प्रकल्पात एक कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवलेले आहे; त्यांतले प्रत्यक्ष संपादन करणारे अर्थातच बरेच कमी आहेत. जमलेली माहिती श्रेय देऊन आणि तिच्या परवान्याच्या अटी पाळून कोणालाही फुकट वापरता येते. याची दुसरी बाजू नवख्या स्वयंसेवकांच्या लवकर लक्षात येत नाही: एखाद्या व्यापारी कंपनीच्या नकाशात पाहून इथे नाव लिहिणे म्हणजे नक्कल, आणि ती चालत नाही. माहिती स्वतः पाहिलेली असावी, परवानगी असलेल्या छायाचित्रावरून घेतलेली असावी किंवा मुक्त स्रोतातून आलेली असावी.

आपल्याला पडद्यावर जे रंगीत चित्र दिसते ते या माहितीचे एक रूप असते. आतला साठा फार साध्या घटकांचा आहे. पहिला घटक बिंदू: अक्षांश आणि रेखांश असलेली एक जागा, उदाहरणार्थ हातपंप. दुसरा घटक रेषा, म्हणजे क्रमाने जोडलेले बिंदू. रस्ता, ओढा किंवा बंद केलेली रेषा असेल तर घराची बाह्याकृती. तिसरा घटक अनेक बिंदू आणि रेषा यांचा गट, जसा एखाद्या बसचा संपूर्ण मार्ग. या घटकांना टॅग लावले जातात. टॅगचे दोन भाग असतात, गुणाचे नाव आणि त्याचे मूल्य: 'पृष्ठभाग: मुरूम', 'रुंदी: दीड मीटर', 'रस्त्याचा प्रकार: पायवाट'. मूळ टॅग इंग्रजीत असले तरी नावे कोणत्याही भाषेत लिहिता येतात, आणि मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. रस्त्यांच्या प्रकारांत दोन चाकोऱ्यांची कच्ची वाट आणि फक्त पायी जाण्याची वाट असा भेद करावा लागतो, तो समजावताना अनेक भाषांत लांबलचक वर्णन करावे लागते. मराठीत गाडीवाट आणि पायवाट हे शब्द पूर्वीपासून तयार आहेत.

मार्ग शोधणारा संगणक चित्राकडे पाहत नाही, तो या बिंदू-रेषांचे जाळे पाहतो. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे त्या दोन रेषांचा एक सामाईक बिंदू असेल तरच एका रस्त्यावरून दुसऱ्यावर वळता येते, असे तो मानतो. रेषा नुसत्या एकमेकींवरून गेलेल्या असतील आणि बिंदू जोडलेला नसेल, तर माणसाला चौक दिसतो आणि संगणकाला उड्डाणपूल. एका न जोडलेल्या बिंदूमुळे औषधांचा ट्रक वीस किलोमीटरचा वळसा घालू शकतो. म्हणून अनुभवी लोक नवीन स्वयंसेवकाच्या कामात सर्वांत आधी हे सांधे तपासतात. सांधे नीट असले की प्रत्येक तुकड्याला संगणक एक 'किंमत' देतो, म्हणजे तो तुकडा ओलांडायला किती वेळ किंवा किती कष्ट लागतील याचा अंदाज, आणि एकूण किंमत सर्वांत कमी येईल तो मार्ग निवडतो. मोटारीसाठी, सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यासाठी जाळे तेच असते, किंमती मात्र वेगळ्या असतात. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तर काही तुकड्यांची किंमत अनंत होते, कारण तिथे तीन पायऱ्या असतात.

कोऱ्या जागा कुठे असतात

व्यापारी नकाशे गिऱ्हाईक असते तिथे दाट होत जातात. यात कोणाचा दुष्टपणा नाही, पण परिणाम गंभीर होतो. नैरोबीतल्या किबेरा या आफ्रिकेतल्या अतिशय मोठ्या झोपडवस्तीत लाखो लोक राहतात, आणि तरीही २००९ पर्यंत तिचा तपशील सार्वजनिक नकाशांवर जवळजवळ नव्हता. त्या वर्षी वस्तीतल्याच तरुण-तरुणींनी जीपीएस घेऊन फिरून पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा आणि गल्ल्या नोंदवल्या. बाहेरून आलेल्या माणसाने हे काम केले असते तर त्याला गल्ल्या सापडल्या असत्या. कोणत्या नळाला पाणी येते आणि कोणत्या गल्लीत रात्री दिवा नसतो, हे मात्र कळले नसते.

हैतीच्या अनुभवातून २०१० साली ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली, जिला सगळे 'हॉट' म्हणून ओळखतात. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये हॉट, अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थांनी मिळून 'मिसिंग मॅप्स' हा प्रकल्प सुरू केला. आपत्ती येण्याची वाट न पाहता, जिथे ती येण्याची शक्यता आहे आणि जिथले नकाशे कोरे आहेत असे भाग आधीच भरून ठेवायचे, हा त्यामागचा विचार. तो किती योग्य होता हे २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा दिसले. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या स्थानिक गटातली मंडळी भूकंपाच्या दोन-तीन वर्षे आधीपासून काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, रुग्णालये आणि इमारती नकाशावर आणत होती, स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवत होती. त्यामुळे जगभरातले हजारो स्वयंसेवक मदतीला धावले तेव्हा काय काढायचे, कोणती गावे आधी घ्यायची आणि कोणती पायवाट खरी आहे, हे सांगणारे लोक काठमांडूतच होते.

हजारो लोक एकाच वेळी एकाच नकाशावर काम करू लागले की गोंधळ होणारच. तो टाळण्यासाठी 'टास्किंग मॅनेजर' नावाची व्यवस्था वापरतात. संपूर्ण भागाचे लहान चौकोन पाडले जातात. स्वयंसेवक एक चौकोन निवडतो, तो तेवढ्या वेळापुरता त्याच्या नावे बंद होतो, आणि तो त्यातली घरे व रस्ते गिरवून चौकोन परत करतो. मग दुसरा, अधिक अनुभवी माणूस तोच चौकोन तपासतो: घरांचे कोपरे काटकोनात आहेत का, एकच घर दोनदा काढले गेले आहे का, रस्ते जोडलेले आहेत का, गवताची गंजी झोपडी समजून काढली आहे का. एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात पन्नास विद्यार्थी एक दुपारभर बसून हे काम करतात, त्याला मॅपाथॉन म्हणतात. अलीकडे संगणकही छायाचित्रांतून घरे आपोआप ओळखून सुचवतो. त्याने वेग वाढला आहे, पण खडकाला घर म्हणण्याची चूक तोही करतो, त्यामुळे माणसाने तपासण्याची गरज संपलेली नाही.

घरे मोजण्याचा उपयोग काय, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. समजा एखाद्या जिल्ह्यात गोवराची लस द्यायची आहे आणि तिथली जनगणना फार जुनी आहे. घरांची संख्या आणि एका घरात सरासरी किती माणसे राहतात याचा नमुना-पाहणीतून आलेला अंदाज, या दोहोंवरून किती मात्रा न्याव्या लागतील याचे गणित मांडता येते. कोणत्या वाटेने किती गावे एका दिवसात होतील, हेही ठरवता येते. २०१४ च्या मार्चमध्ये गिनी देशाच्या आग्नेय भागात, गेकेदू शहराच्या परिसरात, इबोलाची साथ उघड झाली तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या पथकांना हीच अडचण आली. रुग्ण आपल्या गावाचे नाव सांगत असे. त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला शोधणे अत्यावश्यक होते. आणि ते गाव पथकाच्या नकाशावर नव्हते. स्वयंसेवकांनी काही दिवसांत शहर आणि आसपासच्या वस्त्या गिरवून दिल्या. तरीही गावांची नावे छायाचित्रांत नसतात. ती जागेवर जाऊन, गावातल्या माणसांना विचारूनच मिळवावी लागतात, आणि एकाच नावाच्या दोन वाड्या असल्या तर त्यांतली कोणती, हेही तिथेच कळते.

नावे गोळा करण्यासाठी एक साधी पण उपयुक्त पद्धत आहे. गिरवलेला नकाशा कागदावर छापायचा, तो घेऊन गावात जायचे, पेनाने त्यावर नावे, विहिरी, शाळा लिहायच्या, मग त्या कागदाचा फोटो काढून संगणकावर चढवायचा. छापताना कागदावर आलेल्या खुणांच्या मदतीने तो फोटो आपोआप आपल्या मूळ जागी बसतो. वीज नाही, नेटवर्क नाही, हातात महागडे यंत्र दिसले तर धोका आहे, अशा ठिकाणी ही पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

आकाशातून काय दिसत नाही, हे इथे नीट सांगायला हवे, कारण स्वयंसेवेच्या उत्साहात त्याकडे दुर्लक्ष होते. भूकंपात एखाद्या इमारतीचे मजले एकावर एक बसतात आणि छप्पर जवळजवळ अखंड राहते. वरून पाहणाऱ्याला ती इमारत धडधाकट वाटते. म्हणून छायाचित्रावरून नुकसानीचा अंदाज बांधण्यापेक्षा घरे आणि रस्ते कुठे आहेत हे दाखवण्याचे काम स्वयंसेवकांना अधिक भरवशाने जमते, आणि माझ्या मते त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. डोंगराळ भागात छायाचित्र जमिनीवर नेमके बसत नाही, ते काही मीटर सरकलेले असू शकते. तसेच गिरवले तर सगळे गाव दरीकडे सरकते. झाडीखालची पायवाट दिसत नाही. त्याशिवाय, युद्ध चालू असलेल्या प्रदेशात एखादी छावणी किंवा दवाखाना अचूक दाखवणे तिथल्या लोकांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून काही गोष्टी नकाशावर न आणण्याचा निर्णयही या कामाचाच भाग असतो.

झाडीखालच्या पायवाटेचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता. पावसात, चिखलातून, डोंगर चढून बचावपथके पायी वर गेली, आणि जड यंत्रे खालीच राहिली. सह्याद्रीतल्या अशा वाड्यांच्या बाबतीत नकाशावर केवळ ठिपका असणे पुरेसे नाही. कोणत्या बाजूने पायवाट चढते, पावसाळ्यात ओढा कुठे अडवतो, हेलिकॉप्टर उतरेल असा सपाट तुकडा कुठे आहे, ही माहिती गावकऱ्यांना असते, गुराख्यांना असते, आठवड्याला डोंगर तुडवणाऱ्या गिर्यारोहकांना असते. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशासाठीची माहिती गोळा करताना आधी घ्याव्या लागणाऱ्या परवानग्यांची अट बरीचशी उठवली. संवेदनशील ठिकाणांवरची बंधने कायम आहेत. त्यामुळे अशी माहिती नोंदवण्यातला एक मोठा अडथळा दूर झाला आहे.

पंधरा सेंटिमीटरचा डोंगर

आता हैती, गिनी आणि सह्याद्री यांपासून दूर, एखाद्या साध्या शहरी चौकात येऊ. इथे रस्ता आहे, नाव आहे, घरांचे क्रमांक आहेत, तीन-चार प्रमुख नकाशांवर तो चौक व्यवस्थित दिसतो. तरीही व्हीलचेअरवर बसलेल्या एखाद्या बाईंना समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाता येईल का, हे त्यांतला एकही नकाशा सांगत नाही. फुटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटर उंच असेल आणि तिथे उतार केलेला नसेल, तर त्यांच्यासाठी ती कड म्हणजे डोंगरच. इर्शाळवाडीच्या पायथ्याशी थांबलेले यंत्र आणि या कडेशी थांबलेली व्हीलचेअर यांचा प्रश्न मुळात एकच आहे: रस्ता दिसतो, पण त्यावरून जाता येत नाही. आणि १५ सेंटिमीटर कोणत्याही उपग्रहाच्या छायाचित्रात वरून पाहून मोजता येत नाहीत.

म्हणूनच पादचाऱ्यांचा नकाशा जवळजवळ सगळा जमिनीवरून काढावा लागतो. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बारीक टॅग तयार झाले आहेत. फुटपाथच्या कडेचे मुख्य प्रकार आहेत: रस्त्याशी अगदी समपातळीत असलेली, साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत खाली आणलेली, आणि त्याहून उंच. हा भेद बारीक वाटतो, पण त्यामागे एक खरा पेच आहे. व्हीलचेअरला अगदी समपातळीतली कड सर्वांत सोयीची. पांढरी काठी वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला मात्र काठीच्या टोकाला कड लागली नाही तर फुटपाथ कुठे संपला आणि वाहनांचा रस्ता कुठे सुरू झाला हे कळत नाही. त्या दोघांनाही चालेल असा मार्ग म्हणजे कड खाली आणायची आणि तिथे स्पर्शाने ओळखता येतील अशा फरश्या बसवायच्या. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटांवर दिसणाऱ्या या पिवळ्या फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजी त्या जपानमधल्या ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या गेल्या. उभ्या पट्ट्या असलेली फरशी म्हणते 'या दिशेने चला', गोल उंचवट्यांची फरशी म्हणते 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. नकाशावर या फरश्यांसाठी वेगळा टॅग आहे. सिग्नलला आवाज आहे का, यासाठीही आहे.

उताराची गोष्ट अशीच. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी साधारण एकास बारा हे प्रमाण सर्वमान्य आहे, म्हणजे एक फूट वर चढायचे तर बारा फूट लांबीचा रॅम्प हवा. टक्केवारीत हे ८.३ येते. दाराशी जागा नाही म्हणून चार फुटांत बसवलेला रॅम्प दिसायला रॅम्पच असतो, पण त्यावरून मदतीशिवाय चढणे अशक्य आणि उतरणे धोक्याचे. म्हणून नुसते 'रॅम्प आहे' असे लिहून भागत नाही, उतार किती हेही लिहावे लागते. सिॲटल हे अमेरिकेतले चढ-उतारांचे शहर. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टास्कर केंद्राने 'ॲक्सेसमॅप' नावाची सोय तयार केली, तिच्यात प्रवास करणारा माणूस स्वतःच सांगतो की मला चढ इतक्या टक्क्यांपर्यंत चालेल, उतार इतक्यापर्यंत, आणि उंच कडा नकोत. मग त्याच्यापुरता मार्ग निघतो. हातांनी चाके फिरवणाऱ्याचा मार्ग आणि बॅटरीच्या व्हीलचेअरवाल्याचा मार्ग वेगळा निघतो. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण 'सुगम' हा शब्द आपण इतका सैल वापरतो की तो कोणासाठी सुगम, हे विचारायचे राहूनच जाते.

इमारतींच्या बाबतीत हेच काम बर्लिनच्या सोझियालहेल्डन या संस्थेने २०१० साली सुरू केलेल्या 'व्हीलमॅप'ने केले. संस्थापकांपैकी राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि मित्रांनी भेटायचे कोणत्या उपाहारगृहात हा रोजचा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. व्हीलमॅप ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालतो. ठिकाणांना सिग्नलसारखे रंग आहेत: दारात पायरी नाही आणि आतही सगळीकडे जाता येते तर हिरवा, दारात जास्तीत जास्त एक पायरी, साधारण सात सेंटिमीटरपर्यंतची, आणि मुख्य खोल्यांत जाता येते तर नारिंगी, त्याहून अवघड असेल तर लाल. कोणी पाहिलेच नसेल तर करडा. या चारांत करडा रंग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. लाल ठिकाण टाळून दुसरे निवडता येते. करड्या ठिकाणी मात्र जाऊन पाहण्याची जोखीम त्या माणसालाच घ्यावी लागते.

तांत्रिक बाजूने एक वाद या क्षेत्रात बरीच वर्षे चालू आहे. फुटपाथ रस्त्याच्याच रेषेवर 'दोन्ही बाजूंना फुटपाथ आहे' असा टॅग लावून दाखवावा, की त्याची स्वतंत्र रेषा काढावी? पहिली पद्धत सोपी आहे, लवकर होते, पण डाव्या फुटपाथची रुंदी, मध्येच आलेली पायरी, तुटलेला तुकडा हे सगळे त्या एका रेषेवर मावत नाही. स्वतंत्र रेषा काढली की प्रत्येक तुकड्याचा तपशील देता येतो; पण मग प्रत्येक ओलांडणीची रेषाही काढावी लागते, नाहीतर संगणकाच्या दृष्टीने दोन फुटपाथ म्हणजे मध्ये नदी असलेले दोन काठ, आणि तो समोरच्या दुकानात जायला पुढच्या चौकापर्यंत पाठवतो. अर्धवट काढलेला स्वतंत्र फुटपाथ न काढलेल्यापेक्षा वाईट, असे अनुभवी मंडळी सांगतात ते यामुळे. माझे मत असे की जिथे एखादा गट संपूर्ण वस्ती पूर्ण करण्याची जबाबदारी घेतो तिथे स्वतंत्र रेषा काढाव्यात, आणि एकट्यादुकट्याने आधी टॅग लावण्यावर समाधान मानावे.

दृष्टिहीनांसाठी हीच माहिती आवाजात बदलते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेले 'साउंडस्केप' हे ॲप ओपनस्ट्रीटमॅप वापरून चालणाऱ्याच्या हेडफोनमध्ये, ज्या दिशेला दुकान किंवा चौक आहे त्या दिशेने आवाज आल्यासारखा ऐकवत असे. कंपनीने ते बंद करायचे ठरवले तेव्हा त्याचा मूळ संगणकीय कोड खुला केला, आणि इतरांनी त्यावरून नवी ॲप बनवली. माहिती एका कंपनीच्या कुलपात असती तर हे शक्य झाले नसते.

आपल्या शहरांत या कामाला आणखी काही अडचणी आहेत. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत निवासी भागात किमान १.८ मीटर रुंद, मोकळा चालण्याचा पट्टा असावा आणि फुटपाथची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी असे सांगितले आहे. शिवाय २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमही आहे. कागद पुरेसे आहेत. प्रत्यक्षात फुटपाथच्या मधोमध विजेची डीपी उभी असते, दुचाकी चढू नये म्हणून टोकाला इतके जवळ खांब रोवलेले असतात की त्यांतून व्हीलचेअरही जात नाही, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी फुटपाथ खाली उतरून पुन्हा चढतो. नकाशात काय लिहायचे याचा नियम इथे उपयोगी पडतो: आज उभी असलेली दुचाकी किंवा सकाळपुरता बसणारा भाजीवाला नोंदवायचा नाही, कारण ते तासाभरात बदलते; डीपी, खांब आणि त्यांच्यामधले अंतर, उरलेली रुंदी, तुटलेली कड नोंदवायची. हे काम मोजपट्टी, फोन आणि 'स्ट्रीटकंप्लीट' या अँड्रॉइड ॲपवर सहज होते. तुम्ही ज्या चौकात उभे आहात तिथे स्पर्शफरश्या आहेत का, कड कशी आहे, पृष्ठभाग कसला आहे असे प्रश्न ते विचारते आणि उत्तर थेट नकाशात नोंदवते. टॅगची नावे पाठ असण्याची गरज नाही.

शक्य असेल तेव्हा ही पाहणी व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाबरोबर करावी. चालता-पाहता येणाऱ्याच्या नजरेला अडथळा मोठाच दिसतो, डीपी किंवा खड्डा. पेव्हर ब्लॉकच्या फटींत पुढचे लहान चाक अडकते किंवा झाडाची फांदी कपाळाच्या उंचीवर आलेली असते आणि काठीला ती लागत नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. नोंदीबरोबर पाहणीची तारीखही लिहिता येते, आणि ती अवश्य लिहावी. केबल टाकायला फुटपाथ खणला जातो, फरश्या उलट्यासुलट्या परत बसवल्या जातात, समपातळीतली कड पुन्हा उंच होते. तारीख पाहून पुढच्या माणसाला कळते की या चौकात येऊन वर्ष उलटले आहे. तो मोजपट्टी घेऊन येतो, कड मोजतो आणि जुने मूल्य बदलतो, आणि जुनी नोंद इतिहासात तिच्या तारखेसह तशीच राहते.